आठशे पन्नासचं फडकं

५ जानेवारी

चि. खारुताईस,

मावशीचे पोटभर आशीर्वाद.

सोबतच्या गाठोड्यात वीस फडकी आहेत, मोजून घे. टपालवाल्याने वजन करून जो आकडा सांगितला तो ऐकून गाठोडं घेऊन पायी निघावं असं वाटलं, पण तुझ्या काकांनी गुडघ्यांची आठवण करून दिली.

तू सांगितलंस तशी जुन्या कापडाचीच शिवली आहेत. चादर मधोमध विरते, कडा मात्र धडधाकट राहतात. त्या कडांचे चौकोन कापले, आत जुन्या टॉवेलचा थर घातला आणि हाताने उभे-आडवे टाके भरले. गरम भांडं धरलं तरी चटका लागणार नाही. अडकवायचा बंद काकांच्या निळ्या पट्ट्यांच्या शर्टाचा आहे. तो शर्ट कापताना त्यांनी मुलगी सासरी निघाल्यासारखं तोंड केलं. मी म्हटलं, "अहो, कोपर केव्हाच बाहेर आलंय." तर म्हणतात, "कोपर माझं, मला चालत होतं."

तुझ्या इतक्या मैत्रिणींच्या चुलीवर इतकी भांडी तापतात हे ऐकून समाधान वाटलं. आजकालच्या मुली स्वयंपाक करत नाहीत म्हणणाऱ्यांना सांगते आता.

काल बाजारात भांडी घासायचा एक लाकडी मुठीचा ब्रश पाहिला. किंमत विचारली आणि हातातला ब्रश काचेचा असल्यासारखा खाली ठेवला. दुकानदार म्हणाला, "काकू, पूर्ण नैसर्गिक आहे." मी म्हटलं, "मीसुद्धा पूर्ण नैसर्गिक आहे, मला कोणी एवढे देत नाही." तुला ठाऊकच आहे, आमच्या घरात प्रत्येक वस्तूच्या बुडाशी मी चिठ्ठी चिकटवते, कधी घेतली आणि केवढ्याला. त्या ब्रशाची चिठ्ठी लिहिताना माझा हात लाजला असता.

दुकान कसं चाललंय? 'घरातल्या सुंदर वस्तू' विकतेस म्हणतेस, पण म्हणजे नेमकं काय ते फोनवर कळत नाही. तू 'हो मावशी, हो मावशी' करतेस आणि मागे भोंगे वाजत असतात. म्हणून हा कागद. याचं उत्तर कागदावरच दे. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं पुन्हा काढून दाखवता येतं.

तुझी,
मावशी

१९ जानेवारी

प्रिय मावशी,

फडकी पोचली. सगळ्यांना इतकी आवडली की काय सांगू! तुझे टाके बघून एक जण म्हणाली, असं काम आता बघायला मिळत नाही.

आणखी चाळीस देशील का? घाई नाही, पण महिन्याभरात झाली तर बरं. कापड जुनंच घे, नवं अजिबात नको, आणि एकसारखी करायच्या भानगडीत पडू नकोस, थोडी वाकडी असली की जास्त गोड दिसतात. पाकिटात पाचशे ठेवले आहेत, दोऱ्याला आणि टपालाला. परत पाठवलेस तर मी कट्टी.

दुकान छान चाललंय. रस्त्याकडची भिंत सगळी काचेची आहे, संध्याकाळी दिवे लावले की माणसं उगाच थांबून बघतात. वस्तू म्हणजे वाट्या, डबे, टोपल्या, असंच काहीबाही. सविस्तर कधीतरी सांगेन.

काकांना सांग, त्यांचा शर्ट फार मोठ्या माणसांच्या घरी गेला आहे.

तुझी,
खारू

२ फेब्रुवारी

खारुताई,

आशीर्वाद आज वर लिहिला नाही. शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

परवा वरच्या मजल्यावरची शेजारीण आली. तिच्या सुनेने तुमच्या शहरातून तिला भेट पाठवली होती. पुठ्ठ्याची पेटी, वर फीत, आत पातळ कागद, त्या कागदात आणखी एक कागद. मला वाटलं दागिना असेल. आतून निघालं फडकं.

"हात लावू नका हं," ती म्हणाली, "आठशे पन्नासचं आहे."

मी बंदाकडे पाहिलं. निळ्या पट्ट्या. तुझे काका बाजूला वर्तमानपत्र वाचत होते, तेही उठून आले. चष्मा वर करून त्यांनी ते फडकं जवळून पाहिलं आणि म्हणाले, "हा माझा शर्ट आहे."

शेजारणीला वाटलं, त्यांना भ्रम झाला. मग पेटीतली चिठ्ठी तिने मोठ्याने वाचली. मी ती उतरवून घेतली आहे, तुझ्याच आठवणीसाठी पुन्हा लिहिते: "डोंगराच्या कुशीत एकट्या राहणाऱ्या वृद्ध मावशीच्या थरथरत्या हातांनी, एकेक टाका मायेचा."

कुठला डोंगर? आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. हात कोणाचे थरथरतात? सुईत दोरा मी चष्म्याशिवाय ओवते. आणि एकटी म्हणजे? तुझ्या काकांना तू परस्पर वर पाठवलंस! ते तेव्हापासून घरात "मी आहे का गं?" असं विचारत हिंडतात.

पैशाचंच म्हणशील तर माझा हिशेब सोपा आहे. कापड जुनं, त्याचे पैसे कधीच वसूल झाले. दोरा लागतो पाचाचा. पाचाची वस्तू आठशे पन्नासला. त्या पैशांत आमच्या घरी महिन्याचा साबण, मीठ आणि दिव्याचं तेल येऊन वर उरतं. काल देवापुढे माळ घेऊन बसले तर नामाऐवजी तोंडातून "आठशे पन्नास, आठशे पन्नास" येऊ लागलं. माळ खाली ठेवली. देवाला कशाला ऐकवायचं?

मी आयुष्यात कोणाला वजनाला कमी दिलं नाही आणि मोलाला जास्त मागितलं नाही. आता माझ्या हातची वस्तू, माझंच नातं वर छापून, या भावाने विकली जाते. हे मला चालणार नाही. पाचशे परत पाठवते आहे. कट्टी तर कट्टी.

आशीर्वाद. राग उतरला नाही, पण सवयीने लिहिला.

मावशी

११ फेब्रुवारी

मावशी,

हो, विकते. तुला सांगितलं नाही, कारण तू असंच पत्र लिहिशील हे मला माहीत होतं. चिठ्ठीबद्दल काकांची माफी मागते. डोंगर मी घातला, एकटेपणही मीच घातलं. लोक वस्तू घेत नाहीत गं, गोष्ट घेतात.

पण बाकीच्या बाबतीत मी मान खाली घालणार नाही. त्या काचेच्या भिंतीचं भाडं कोण भरतं? दिव्यांचं बिल, पेट्या, फिती, दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलीचा पगार? आठशे पन्नास सगळे माझ्या पदरात पडतात असं तुला वाटतं का?

आणि पाच? मावशी, पाच ही दोऱ्याची किंमत झाली. तुझे हात कुठे आहेत त्यात? तुझ्या हिशेबाच्या वहीत साबण आहे, मीठ आहे, देवापुढे ठेवलेलं नाणंसुद्धा आहे. त्या वहीत तू कुठे आहेस? सकाळपासून तू जे करतेस त्याला रकानाच नाही. मी निदान तुझ्या टाक्यांना काहीतरी मोल लावलं. तू तर शून्य लावतेस आणि वर मलाच विचारतेस, मोल जास्त कसं!

आता खरं ते लिहिते. एका मोठ्या हॉटेलला प्रत्येक खोलीत ठेवायला दोनशे फडकी हवी आहेत, तुझ्याच हातची. ते काम मिळालं तर दुकानाचा भाडेकरार पुढे चालू राहील. नाही मिळालं तर मार्चअखेर मला काचा उतरवाव्या लागतील. त्यांना नमुन्याला चाळीस दाखवायची आहेत. ती पेटी दिसायच्या आधी फोनवर तू 'करते' म्हणाली होतीस. रागाव, पण हात आखडू नकोस.

खारू

२४ फेब्रुवारी

खारुताई,

फोनवर 'करते' म्हटलं होतं, म्हणून केली. चाळीस आहेत, मोजून घे.

या वेळी आतल्या कडेला थोडी अक्षरं शिवली आहेत. वाच. उसवायला जाऊ नकोस, कारण तेच टाके आतला टॉवेल धरून आहेत. अक्षर काढलंस की थर सुटतात आणि फडक्याचं पायपुसणं होतं. माझी शिवायची पद्धत या खेपेला अशी आहे.

अक्षरं ही: "कापड जुनं. दोरा ५. मजुरी ०. दुकानात ८५०. मावशी एकटी नाही."

शेवटचं वाक्य काकांनी सांगितलं म्हणून घातलं.

मावशी

१० मार्च

मावशी!

तुला वाटलं असेल, खारूचं दुकान बसलं. ऐक मग.

गाठोडं उघडून वाचलं तेव्हा मी जमिनीवरच बसले. उसवून पाहिलं एक. खरंच पायपुसणं झालं. हॉटेलवाले दुपारी येणार होते, दुसरं दाखवायला काही नव्हतं, म्हणून तशीच मांडली. त्यांच्या बाईंनी एक उलटं केलं, आतलं वाचलं आणि डोळ्याला रुमाल लावला. "मजुरी शून्य!" म्हणाल्या, "किती निरागस! आणि हे 'मावशी एकटी नाही', याला तर तोड नाही." त्यांना दोनशेच्या दोनशे तशीच हवी आहेत, अक्षरांसकट! मी किंमत अकराशे केली आहे, म्हणजे तुला 'दुकानात ११००' शिवावं लागेल. चालेल ना?

दुकानात उरलेलीही चार दिवसांत गेली. लोक आतली बाजू वर करून भिंतीला टांगतात म्हणे. तू माझी जिरवायला गेलीस आणि भाव वाढवून बसलीस.

तेव्हा आता भांडण पुरे. दोनशे कधी देतेस ते कळव. दुकानाचा करार महिनाअखेर संपतो.

तुझी (जिंकलेली),
खारू

२२ मार्च

चि. खारुताईस,

आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दिवसभर एकच म्हणत होते. भिंतीला टांगतात! ज्याने भांडं धरायचं, ते भिंतीला! पण अकराशेपेक्षा तुझं आधीचं पत्र मला जास्त टोचत होतं. मी वहीत कुठे आहे? मी वही काढली आणि शोधलं. खरंच नाही गं. डॉक्टर आहे, धोबी आहे, नळवाला तर दर महिन्याला आहे. मी नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी चौकातल्या शिंप्याकडे गेले. त्याच्याकडे एक बाई हाताने काज-बटणं करते. तिला तासाला काय देता, विचारलं. म्हणाला, साठ. "का? तुम्ही येताय का कामाला?" म्हणून हसला. मी म्हटलं, "आलेच असते, पण तुमच्या खुर्चीला पाठ नाही."

घरी येऊन गणित मांडलं. मॅट्रिकला गणितात मला बक्षीस होतं, ते तुझ्या आईला विचार. एका फडक्याला दीड तास जातो, म्हणजे नव्वद. दोरा पाच. तुझं भाडं, दिवे, मुलीचा पगार यांचा वाटा चाळीस. तुझा नफा पंचवीस, तोही मिळायला हवा, तू काही धर्मशाळा उघडलेली नाहीस. पेटी आणि फितीला काही धरलेलं नाही. फडक्याला पेटी कशाला? बेरीज एकशे साठ.

काकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता चहाचंही बिल येणार?"

"येणार नाही," मी म्हटलं, "पण रकाना आखलाय."

त्यांनी उठून दोन्ही कप विसळले. आजवर कधी पाहिलं नव्हतं. कप कुठे ठेवतात हे मात्र त्यांना विचारावं लागलं.

वरची शेजारीण म्हणाली, एकशे साठ ऐकून तिला सुनेची दया आली. ती आता माझ्याबरोबर शिवायला बसते. तिची मजुरीही मी मांडते, कारण ती माझ्यासारखी भोळी नाही, पहिल्याच दिवशी तिने विचारली.

सोबत तीस फडकी आहेत. या वेळी अक्षरं आत नाहीत. समोर आहेत, मधोमध, लाल दोऱ्याने, लांबून वाचता येतील एवढी: "दोरा ५. मजुरी ९०. दुकान ४०. नफा २५. किंमत १६०." उसवलंस तर काय होतं ते तुला माहीत आहे.

हॉटेलला याच किमतीला देणार असशील तर दोनशे काय, चारशे शिवू. अकराशेला द्यायची असतील तर एकही मिळणार नाही आणि ही तीसही परत पाठव. तुझ्या काचा उतरतील, मला कळतं. लहानपणी तू शेंगदाणे उशीखाली लपवायचीस आणि मी ते पाहूनही न पाहिल्यासारखं करायची. या वेळी तसं करणार नाही. माझं नातं छापायचं असेल तर माझा भाव छाप.

तुझी,
मावशी

१९ एप्रिल

प्रिय मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

हॉटेलवाल्या बाईंना मी लाल अक्षरांचं फडकं दाखवलं आणि म्हटलं, एकशे साठ. तुला वाटेल त्या खूश झाल्या असतील. त्यांचा चेहरा पडला. "एवढं स्वस्त आम्ही पाहुण्यांच्या खोलीत ठेवू शकत नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, वस्तू तीच आहे, हात तेच आहेत. त्या म्हणाल्या, "पण आता सगळ्यांना कळेल ना." आणि गेल्या.

महिनाअखेर काचा उतरल्या. मुलीला पगार देऊन निरोप दिला. मी रडले, ते तुला सांगायचं नव्हतं, पण सांगते.

आणखी एक गोष्ट मार्चच्या पत्रात गाळली होती. तुझी आतल्या अक्षरांची फडकी विकत होते, तेव्हा एक म्हातारी बाई आली. घेणारी नव्हती, काच दिसली म्हणून आत आलेली. तिने वाचलं आणि मला विचारलं, "मजुरी शून्य? मग बाकीचे कोणाचे?" मी हसून "कलेचे" असं काहीतरी म्हटलं. ती हसली नाही. फडकं नीट घडी करून जागेवर ठेवलं आणि गेली. त्या दिवशी चार विकली गेली, तरी मला तीच आठवत राहिली. बाईंना एकशे साठ सांगितलं ते तुझ्या धाकाने नव्हे. त्या प्रश्नाला एकदा तरी उत्तर द्यायचं होतं.

आता मी मागच्या गल्लीत एक खोली घेतली आहे. शेजारी सायकल दुरुस्तीवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करणारा. खिडकी एकच, तीही फुगल्यामुळे उघडत नाही. लाल अक्षरांची तीस फडकी दारातच दोरीवर टांगली. आधी कोणी थांबेना. मग किल्लीवाल्याने वाचलं आणि ओरडून सायकलवाल्याला सांगितलं, "अरे, इथे नफासुद्धा लिहिलाय!" त्यानंतर माणसं नुसतं वाचायला यायला लागली. वाचता वाचता घेतली. तीसही गेली. एकही भिंतीला गेलं नाही, मी प्रत्येकाला विचारलं.

पण मी निमूटपणे शरण जाणाऱ्यातली नाही. तुझ्या गणितात चूक आहे. शिंपी त्या बाईला साठ देतो म्हणून कामाचं मोल साठ झालं का? तो तिला कमी देतो, एवढंच त्यातून कळतं. शर्टाच्या काज-बटणांचे तो गिऱ्हाइकाकडून काय घेतो, ते विचारलंस? इथल्या गल्लीत मी चौकशी केली. सचोटीने देणारा ऐंशी देतो. तू सगळ्या जगाशी भावावरून भांडलीस आणि स्वतःच्या बाबतीत शिंप्याच्या पहिल्या शब्दावर विश्वास ठेवलास. मी एकशे साठला विकणार नाही. एकशे नव्वद. नाहीतर पुढची फडकी पाठवूच नकोस.

आणि इथे हिशेब ठेवायला कोणी नाही. मला जमत नाही, तुला माहीत आहे. महिनाभर येतेस? काकांनाही आण. ते आहेत हे मला गल्लीत सगळ्यांना दाखवायचं आहे.

तुझी,
खारू

२७ एप्रिल

चि. खारुताईस,

आशीर्वाद, आणि काकांचेही. त्यांनी मुद्दाम सांगितलं, "माझेही लिही, नाहीतर पुन्हा डोंगरावर धाडेल."

तुझं पत्र घेऊन मी तशीच शिंप्याकडे गेले. काज-बटणांचे गिऱ्हाइकाकडून काय घेता, विचारलं. तो मापाची पट्टी शोधायला लागला. पट्टी त्याच्या गळ्यातच होती. काज करणारी बाई मान वर करून आमच्याकडे पाहत होती. मी तुझ्या गल्लीतला दर तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला. आज सकाळी ती आमच्या दारात उभी होती. आता आम्ही तिघी शिवतो.

तासाला ऐंशी धरले. मजुरी एकशे वीस, किंमत एकशे नव्वद. साठ फडक्यांवर लाल दोऱ्याने घातली आहे. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वस्तूचा भाव वाढला आणि मला बरं वाटलं. देवापुढे बसून तसं सांगितलंही. माळ या वेळी सुरळीत फिरली.

एक तारखेला येतो. काका येताना पटाशी आणि रंधा आणणार आहेत, तुझी फुगलेली खिडकी ते मोकळी करतील म्हणतात. त्यांना त्याचे पैसे द्यावे लागतील, त्यांनी दर विचारून ठेवलाय. शर्टाच्या बंदाचेही मागतील, ते देऊ नकोस, कापड जुनं होतं.

हिशेबाचं म्हणशील, तर येते. पण तासाच्या दराने येते आणि पहिल्या दिवसापासून वहीत लिहीन. मावशी म्हणून सूट मागशील तर मिळणार नाही. घासाघीस करायचा विचार असेल तर सोडून दे, त्यात मी तुझ्याहून जुनी आहे.

तुझी,
एकटी नसलेली मावशी